वडिलांचा व्यवसाय

व्हाइटनरचा वास आला की मला न्यूझीलंडमधल्या मनुरेवातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजचा फॉर्म इकडे पोस्टाने यायचा, तोही एकच, म्हणून मी टाइपरायटरवर जपून टाइप करत होते. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘डॉक्टर’ लिहिलं. सोलापुरात बाबांचा स्वतःचा दवाखाना होता; इथे ती पदवी चालत नव्हती, म्हणून ते हॉस्पिटलात ऑर्डर्ली होते, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायचे. शिफ्टवरून आल्या आल्या त्यांनी कागद वाचला. “आज जे करतो ते लिही,” म्हणाले. “पदवी काय समुद्रात पडली का?” आई पोळ्या लाटता लाटता बोलली. ‘डॉक्टर’ हा शब्द बाबांनी स्वतःच व्हाइटनरने झाकला, फुंकर घालून वाळवला आणि कागद पुन्हा मशीनवर चढवून दिला. मी ‘ऑर्डर्ली’ टाइप केलं. तिथे प्रवेश काही मिळाला नाही. डॉक्टर मी इथेच झाले. गेल्या महिन्यात बाबांच्या मृत्यूची नोंद करताना त्यांच्या व्यवसायाचा रकाना पुन्हा समोर आला. मी पेनाने ‘डॉक्टर’ लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कोणी काही म्हणतंय का, याची वाट पाहत बसले.