दवाखान्यातलं तासभर पुढचं घड्याळ

यंत्राचं कपाट उघडण्याआधी पेनिएली त्याच्यावर दोनदा टकटक करायचे. आत पाली असतात, म्हणायचे. कोकोत साखर घालायचे, पण ढवळायचे नाहीत. 'सहाच्या सुमारास' असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. सहा वाजून चार मिनिटं, असंच. काम संपलं की पडद्यावरची 'वेळ जुळली आहे' ही ओळ बोट ठेवून वाचायचे, मगच चपला घालायचे.

सामोआतल्या सवाई बेटावरच्या दवाखान्यांचं नेटवर्क एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं.

त्या नोव्हेंबरात एका दवाखान्यातल्या लसी खराब झाल्या. फ्रिजचं दार रात्रभर उघडं राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी सात वाजता मोठ्या नर्सने लसींच्या खोलीच्या काचेतून पाहिलं तेव्हा ते बंद होतं. त्यानंतर त्या खोलीत कोण गेलं? खोली कार्डाने उघडते आणि नेटवर्कचं यंत्र वेळ टिपून ठेवतं. त्यात शेवटची नोंद होती नर्स मासिनाची. सात बत्तीस.

चौकशी दुसऱ्या दिवशी होती. मासिनाची नोकरी जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी पेनिएली त्या दवाखान्यात आले ते फक्त नोंदींचा कागद काढून न्यायला.

"काका, तुमचं यंत्र खोटं बोलतंय," मासिना म्हणाली.

"यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला ना नवरा, ना सासू."

"मस्करी नको. मी आत गेले तेव्हा प्रार्थनेचा शंख वाजत होता. तो साडेसहाला वाजतो, साडेसातला नाही. आणि त्या दाराचं रबर गेलंय, आपोआप उघडतं. दोनदा लिहून दिलंय मी."

"अगं, जगाच्या घड्याळाशी जुळलंय हे. ही बघ ओळ."

तेवढ्यात बाहेर शंख वाजला.

रस्ता ओस पडला. आता पुन्हा शंख वाजेपर्यंत गावात कुणी बाहेर पाऊल टाकणार नव्हतं. मासिना आतल्या खोलीत प्रार्थनेला गेली. पेनिएलींनी सवयीने मनगट पाहिलं. सहा एकतीस.

पडद्यावर सात एकतीस.

त्यांनी सेटिंग उघडली. एक जुनी ओळ तिथे तशीच होती: सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एक तास वाढवा. उन्हाळ्याची ती वेळ सरकारने केव्हाच रद्द केली होती. तेव्हा त्यांनी प्रत्येक यंत्रातून ती ओळ काढली होती. हे यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं होतं.

बाहेरून येते ती फक्त जगाची वेळ. तिच्यात गावाचे तास मिळवायचे ते यंत्रानेच. म्हणजे 'जुळली आहे' हे खरं होतं आणि घड्याळ चुकीचं होतं. मासिना आत गेली होती ती सहा बत्तीसला, मोठ्या नर्सने दार बंद पाहिलं त्याच्या आधी. इतकी वर्षं त्यांनी ती एकच ओळ वाचली होती.

बोटांनी ओळ पुसण्याचा आदेश लिहूनही टाकला. आता एकच कळ. दाबली की घड्याळ बरोबर. मग ते कधी चुकलं होतं आणि कुणामुळे, हे कुणालाच कळणार नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने होते. घराघरातून भजनाचे सूर येत होते आणि ते संपूच नयेत असं त्यांना वाटत होतं.

शंख पुन्हा वाजला. मासिना बाहेर आली.

"काका, चेहरा असा का झालाय?"

"तुझ्या घड्याळात किती वाजले?"

"सहा त्रेचाळीस."

"आता हे बघ."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "अहो, मग करा ना दुरुस्त!"

"केलं तर उद्या तुझ्या शब्दाला आधार उरत नाही. चौकशीच्या साहेबांनाच इथे आणतो. त्यांच्या डोळ्यांनी बघू देत."

"आणि हे कुणी असं ठेवलं, विचारलं तर?"

लिहिलेला आदेश पेनिएलींनी एकेक अक्षर मागे घेत पुसला. दोनदा भलतीच कळ दाबली गेली. एका कागदावर लिहिलं: चौकशी होईपर्यंत हात लावू नये. खाली स्वतःचं पूर्ण नाव. कागद कपाटाला चिकटवला.

पडद्यावर सात एकोणपन्नास झाले. तो एक तास तसाच राहिला.