या नावाची आमच्यात कुणी न्हाई

आमच्या लग्नाचा पुरावा गोळा करायला मी बसलो, तेव्हा लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती. मुलगी चौथीत होती, बायको परदेशात होती, आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका एजंटानं मला फोनवर सांगितलं होतं की सर, तुमचं नातं खरं आहे हे आपल्याला दाखवावं लागेल. मी दिंद्रुडच्या शाळेत मराठी शिकवतो. बोलण्यात सहसा मागं पडत नाही. पण हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. खरं आहे म्हणजे काय, पोरगी काय आभाळातून पडली?

बायको नर्स. अंबाजोगाईला शिकली आणि तिथंच एका खासगी दवाखान्यात तिनं बरीच वर्षं ड्युट्या केल्या. मग बरोबरच्या एका मैत्रिणीचं बघून तिनंही परीक्षा दिल्या आणि लांबच्या एका देशात, लहानशा गावात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात तिला नोकरी लागली. इकडं उन्हानं आमचा जीव जातो तेव्हा ती तिकडं दोन-दोन स्वेटर घालून बोलते. व्हिसा तात्पुरता होता, तिच्या एकटीचा. दोन-तीन वर्षं काढू आणि परत येऊ असं ठरलं होतं. पण आश्रमाच्या मालकिणीला तिचं काम आवडलं. ती म्हणाली, मी तुला स्पॉन्सर करते, कायमचीच राहा, नवऱ्याला आणि मुलीलाही आण.

बायकोनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मुलगी माझ्या मांडीशी बसून ऐकत होती. आई परदेशी गेल्यापासून तिनं तिला एकदाच, सुट्टीवर आली तेव्हा, पाहिलं होतं. त्या दिवसापासून घरात एकच विषय झाला, आपण मम्मीकडं कधी जायचं. माझ्या आईचं काय, हा प्रश्न आईनंच मिटवून टाकला. मी थोरल्याकडं राहीन, म्हणाली, माझ्यामुळं थांबायचं न्हाई. मला त्या देशाची हौस नव्हती. तिथले रस्ते, तिथली शाळा, तिथली हवा, यातलं मला काही नको होतं. तिघांनी एका छपराखाली झोपावं एवढंच हवं होतं.

एजंटाचं ऑफिस एका मिठाईच्या दुकानाच्या वर होतं. भिंतीवर देशोदेशीचे झेंडे, टेबलावर पृथ्वीचा गोल, आणि मागं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, टाय लावलेला पोरगा. मला सारखा सर म्हणायचा. शिक्षकाला म्हणतात तसं नव्हे, मोबाइल कंपनीचे लोक फोनवर म्हणतात तसं. त्यानं आधी लग्नानंतरच्या संसाराचे आमचे फोटो मागितले, लग्नात तर सगळेच शेजारी उभे असतात म्हणाला. मी घरातले होते नव्हते तेवढे घेऊन गेलो होतो. त्यानं ते टेबलावर पसरले, बराच वेळ बघितले आणि म्हणाला, सर, यात तुम्ही दोघं शेजारी कुठंच नाही. मी वाकून बघितलं. खरंच नव्हतो. जत्रेतल्या फोटोत आमच्या मध्ये आई उभी होती. पुतणीच्या लग्नातल्या फोटोत मध्ये आई आणि भावजय. मुलीच्या बारशाच्या फोटोत मी मुळातच नव्हतो, मंडपवाल्याशी बोलत होतो. वडीलधाऱ्यांसमोर बायकोला खेटून उभं राहायची आमच्यात रीत नाही, हे मी त्याला सांगितलं. तोही मराठवाड्याचाच असणार, त्याला माहीत होतं. पण तिकडच्या साहेबाला कोण सांगणार?

मग त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं मागितलं. ते वाचून त्याचं तोंड आणखी पडलं. जेवलीस का. हो. लाइट आली का. नाही. पोरीचा खोकला कसा आहे. बरा आहे. वर्षानुवर्षांचा हाच संसार. सर, थोडं प्रेमाचं काही नाही का, असं त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं. मला त्या पोराचा इतका राग आला की जिना उतरून निघून जावंसं वाटलं. पण खुर्चीतून उठता येत नव्हतं. गरज माझी होती.

त्यानंतर नावाचं निघालं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळ्यांना पेढे मिळतात आणि त्या घटकेपासून नवरीचं जुनं नाव माहेरीच राहतं. तिचं उमापूरला राहिलं. नवं नाव माझ्या मावशीनं काढलं होतं, मी फक्त अंगठी फिरवली. तांदळातसुद्धा अक्षर वळणदार आलं म्हणून माझं कौतुक झालं होतं. पुढं तिचं शिक्षण, नर्सिंगची नोंदणी, पासपोर्ट, सगळं माहेरच्याच नावानं राहिलं, कारण एक बदललं की सगळंच बदलत बसावं लागलं असतं. लग्नाची नोंद मात्र ग्रामपंचायतीत नव्या नावानं झाली. म्हणजे कागदोपत्री मी एकीशी लग्न केलं होतं आणि परदेशात भलतीच गेली होती.

एजंट यावर पहिल्यांदाच हसला. हे तर नेहमीचंच आहे, म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करू. ते केलं. नोटरीचा शिक्का बसला. आश्रमाच्या बाजूनं मालकिणीची मंजुरीही आली. मी तालुक्याला जाऊन मुलीसाठी चाकांची बॅग आणली. तिनं त्यात तिचे दोन फ्रॉक आणि चित्रकलेची वही भरून ठेवली आणि बॅग घरातल्या घरात ओढत हिंडू लागली.

अर्जात घरचा नंबर म्हणून मी आईचा मोबाइल दिला होता. वर्गात मी फोन नेत नाही, आणि आई दिवसभर घरीच असते. यात काही चुकेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

एक दिवस संध्याकाळी शाळेतून आलो. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, आज एका बाईचा फोन आलता, हिंदीत बोलत होती, लई गोड बोलत होती. आईला हिंदी समजते, आठवडी बाजारात आयुष्य गेलेलं. त्या बाईनं आधी माझं नाव घेऊन घर हेच का म्हणून विचारलं. आई हो म्हणाली. मग तिनं एका बाईचं नाव घेतलं आणि ही तुमची सून आहे का, असं विचारलं.

"मी म्हनलं, न्हाई बाई, या नावाची आमच्यात कुणी न्हाई," आई म्हणाली. "तिनं पुन्हा इचारलं. मी पुन्हा सांगितलं. कावून इचारत आसंल?"

मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. ते नाव काय होतं, असं मी विचारलं. आई आठवू लागली. मेथीची काडी हातात धरून बराच वेळ आठवत राहिली आणि मग तिनं ते नाव उच्चारलं, थोडं वाकडंतिकडं. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असावं. तिनं काडी खाली ठेवली.

"आपली?" ती म्हणाली.

बारा वर्षं त्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मुलगी बघायला गेली तेव्हा आईनं ते एकदा ऐकलं असेल, आणि तांदळात नवं नाव उमटलं तेव्हा विसरून गेली असेल. विसरायचंच असतं ते. आई खोटं बोलली नव्हती. तिला जे विचारलं त्याचं तिनं खरं उत्तर दिलं होतं, तेही दोनदा, आणि वर त्या बाईला जेवण झालं का असंही विचारलं होतं. ओरडायचं तर कुणावर?

त्या नंबरवर मी रात्री उशिरापर्यंत फोन लावला. तो परत लागणारा नंबरच नव्हता. सकाळी एजंट म्हणाला, सर, तो व्हिसा ऑफिसचा पडताळणीचा फोन, घरच्यांना आधी ब्रीफ करून ठेवायला हवं होतं. हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं, ते मला आठवत नव्हतं, त्यालाही आठवत नव्हतं. पुढं तिकडून पत्र आलं. आम्ही दिलेली माहिती आणि घरातून मिळालेली माहिती जुळत नाही, खुलासा करा. गंमत अशी की सगळा संशय आता त्या प्रतिज्ञापत्रावरच आला. ज्या घरच्या सुनेची दोन नावं आहेत असं आम्ही शपथेवर सांगत होतो, त्या घरातल्या सासूलाच त्यातलं एक माहीत नव्हतं. आम्ही आईचा जबाब पाठवला, सरपंचाचं पत्र पाठवलं, शेजाऱ्यांच्या सह्या पाठवल्या, लग्नाचा अख्खा अल्बम पाठवला. एजंट म्हणाला, पाठवू, पण आता जे पाठवू ते मागाहून जमवल्यासारखंच दिसणार. त्याचं हे बोलणं मला मान्य होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. मागं भांड्यांचा आवाज येत होता. ती माझ्या आईला आत्या म्हणते. ती एवढंच म्हणाली, आत्यांना काही बोलू नका. मी बोललो नव्हतो. पण आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही, आणि मीही तिला जेव म्हणालो नाही. तेवढं माझ्यानं झालं नाही.

मग नुसतं थांबणं. शाळेत सहामाही झाली, ज्वारी निघाली, उसाच्या तोडीला गेलेली माणसं परत आली, तिकडून काही नाही. एजंटाला फोन केला की तो म्हणायचा, प्रोसेसमध्ये आहे. आजार असता तर अंबाजोगाईला नेलं असतं, जमिनीचं भांडण असतं तर कोर्टात उभा राहिलो असतो. इथं कुणाच्या पाया पडायचं तेच कळत नव्हतं. ज्यानं निर्णय घ्यायचा त्याचं तोंड आम्हाला दिसत नव्हतं, आणि त्यालाही आमचं दिसत नव्हतं.

अखेर तिच्या तात्पुरत्या व्हिसाची मुदत संपत आली. मालकिणीला थांबायला जमेना. एजंटानं सुचवलं की अर्जातून नवऱ्याचं आणि मुलीचं नाव काढू, बाईंचं एकटीचं लगेच होईल, मग त्या तिकडून तुमच्यासाठी नव्यानं अर्ज करतील. मी विचारलं, त्याला किती वेळ लागेल. सांगता येत नाही, सर, तो म्हणाला. बायकोचा फोन आला. काय करू, तिनं विचारलं. तिच्या मनात परत यायचं होतं, हे मला आवाजावरून कळत होतं. पण परत आली असती तर एवढ्या वर्षांचं सगळं मातीत गेलं असतं, आणि नवा अर्जही कुणाच्या जोरावर करणार?

"काढ आमची नावं," मी म्हणालो.

तिचं झालं. आश्रमात मालकिणीनं केक कापला. फोटोत ती म्हाताऱ्या बायकांच्या मधोमध उभी आहे, हसायचा प्रयत्न करते आहे. दिंद्रुडला ही बातमी मी सांगायच्या आधीच पोचली होती. हेडमास्तर म्हणाले, सर, तोंड गोड करा. माझ्या बायकोला माझ्याशिवाय कायमचं परदेशात राहायला मिळालं म्हणून मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुलीनं विचारलं, मग आपण? मी म्हटलं, आपण नंतर. तिनं बॅगेतली चित्रकलेची वही काढून घेतली, शाळेत लागत होती. फ्रॉक अजून आतच आहेत, तिला आखूड झालेत. आता ती विचारत नाही. विचारायची तेच बरं होतं.

नवा अर्ज गेला आहे. यातही घरचा नंबर आईचाच आहे, कारण एजंट म्हणाला, बदलला तर उगाच शंका येईल. आई सुनेचं माहेरचं नाव शिकते आहे. भाकरी थापताना म्हणते, देवापुढं बसली की म्हणते, मुलीकडून म्हणवून घेते. फोन कुणाचाही असो, कर्ज हवंय का विचारणाऱ्याचा असो की थोरल्या भावाचा, आई हॅलो म्हणत नाही. आधी ते नाव घेते, मग ती आमचीच सून हाय, बारा वर्षं नांदली, लेकरू हाय तिला, असं एका दमात सांगून टाकते आणि वर लिहून घ्या म्हणते. भाऊ वैतागतो. मी तिला थांबवत नाही.

गेल्या रविवारी मी घरीच होतो. आईचा फोन वाजला. तिनं चष्मा शोधला नाही, कुणाचा आहे ते बघितलं नाही, कानाला लावला आणि नाव घेऊन सगळं सांगायला लागली. स्पीकर चालू होता. तिचं सांगून झाल्यावर पलीकडून बायकोचा आवाज आला.

"आत्या, मीच बोलतेय."

आईनं फोन तोंडाजवळ धरला.

"आसू दे, बाई," ती म्हणाली. "तू बी लिहून घे."