कासवांसाठी मालवलेला दिवा

आमच्याकडं पाणी म्हणजे आठवड्यातनं एखादवेळी येणारा नळ, आणि फार तर पैठणचं धरण. अशा गावची माझी लेक समुद्र राखायला कोकणात गेली. तिथं कासविणी वाळूत अंडी घालून निघून जातात. कुत्र्या-कोल्ह्यांनी ती उकरू नयेत म्हणून माझी लेक आणि एक म्हातारा कोळी ती उचलून जाळीच्या कुंपणात पुरतात आणि पिल्लं निघेपर्यंत राखत बसतात. तो म्हातारा तरुणपणी हीच अंडी उकडून खायचा म्हणे. आता कुणी नुसतं नाव काढलं तरी काठी घेऊन उठतो.

हे पाहुण्यांना कसं सांगायचं? ह्यांनी आपलं 'समुद्राच्या खात्यात आहे' असं सांगून ठेवलं. नणंदबाईंचं मात्र तोंडावर असतं. "खातं कसलं आलंय! खुडूक कोंबडीचं काम करती पोर. अन् उन्हात काळी पडली ती येगळीच."

लेक सुट्टीवर आली आणि पाचोडकडचं एक स्थळ चालून आलं. मुलाच्या आईचा निरोप आधीच आला होता, मुलगी पसंत पडली तर नोकरी सोडायची. ह्यांनी मनातल्या मनात कबूल करूनही टाकलं. लेक मला म्हणाली, "आई, तू सांग ना. मी बोलले तर भांडण होईल."

मी काय सांगणार? चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. पाहुणे आले की मी पोहे ठेवते आणि ते उठेपर्यंत दाराआड उभी राहते.

त्या दिवशी ह्यांनी लेकीचा फोन माझ्याकडं दिला. "बंद करून कपाटात ठेव. लोकांसमोर वाजायला नको." मी तो चालूच कमरेला खोचला. एक घरटं फुटायला आलं होतं, आणि पिल्लं निघाली की फोनवर दाखवतो, असं म्हाताऱ्यानं कबूल केलं होतं.

दिवेलागणीला मुलगा आणि त्याची आई आले. नणंदबाई आधीच येऊन बैठकीत बसल्या होत्या. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई म्हणाली, "मंग नोकरीचं ठरलंय नव्हं?" हे मान हलवणार, तेवढ्यात दाराआड माझी कंबर वाजली. सगळे वळून बघायला लागले. मी पदर ओढून फोन लेकीच्या हातात दिला. आत म्हातारा ओरडत होता, "गो पोरी, पिल्लां निघाली!"

मुलाच्या आईचा कप हवेतच राहिला. "कुणाची पिल्लं?"

"कासवांची, मावशी. या, बघा."

बोटाएवढी पिल्लं वाळूतनं खुरडत पाण्याकडं निघाली होती. बाईनं आधी हात जोडले, देवळात शिरताना कासवाला जोडतात तसे. मग खुर्ची ओढून जवळ सरकली. मीही दार सोडून पुढं आले. एक पिल्लू भलतीकडंच वळलं.

"तिकडं हॉटेलाचा दिवा आहे," लेक म्हणाली. "उजेडाला ती समुद्र समजतात."

"अरे, मग बंद करा ना तो दिवा!" हे ओरडले, आणि ताडकन उठून आमच्याच बैठकीतला दिवा बंद करून आले.

कुणी हसलं नाही. उलट बाई म्हणाली, "पंखाबी बंद करा, त्याचा आवाज व्हतोय." मग अंधारात सगळी डोकी त्या फोनवर वाकली.

"वळ रं बाबा, वळ."

"आक्का, डोकं काढ मधनं!"

"वळलं!" तोवर मुका बसलेला मुलगा ओरडला.

मी सगळ्यांच्या मागं, नणंदबाईंना लागून उभी होते; त्या अंधारात माझं तोंड कुणालाच दिसत नव्हतं. मी म्हणाले, "आमची पोर नोकरी सोडणार नाय."

अंधारातनं बाईचाच आवाज आला. "नगं सोडू, माय. एकट्या म्हाताऱ्याच्यानं कसं व्हायचं?" आणि मुलाला म्हणाली, "तूच बघ तिकडं कुठं काम भेटतंय का."

शेवटचं पिल्लू लाटेत गेलं तेव्हा कुठं ह्यांनी दिवा लावला. पाहुणे गेल्यावर बहिणीवर उखडले, "आक्का, तुला कुणी नोकरीचं मधी बोलाया सांगितलं होतं?"

नणंदबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून ताटल्या गोळा करत होते. त्यांनी पदर सावरला. "कुणीतरी बोलाया नको व्हय?"

लेक त्याच आठवड्यात कोकणात गेली. पाहुण्यांना आपण कसं ठणकावलं, हे नणंदबाई अजून गल्लीत सांगत असतात. मी त्यांच्या चहात साखर जरा जास्तच घालते.