दादाची मांडी आणि पालखीचा खांदा

माझा पुतण्या रत्नागिरीत जिमला जातो. परवा त्याचा खांदा दुखावला, तेव्हा त्याने मोबाइलवर मला एका बाटलीची जाहिरात दाखवली. फाटलेला स्नायू झटपट भरून आणणारं पेप्टाइड, असं तिच्यावर लिहिलं होतं. "काका, घेऊ का?" मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखव. आणि त्याच्या आधी तुझ्या बापाच्या मांडीची गोष्ट ऐक."

ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा रत्नागिरीत एका कचेरीत कारकून म्हणून नुकताच लागलो होतो आणि शनिवार आला की देवरूखपासून आत असलेल्या आमच्या गावी जायचो. गावी माझा थोरला भाऊ, दादा, आणि वहिनी शेती बघत. त्या वर्षी भात झोडून झाल्यावर दादा ऐनाच्या झाडावर कवळं तोडायला चढला. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पाल्याच्या फांद्या तोडतात, त्यांना आमच्याकडे कवळं म्हणतात. उतरताना पाय सुटला आणि सगळा भार उजव्या पायावर वेडावाकडा आला. हाड शाबूत राहिलं. मांडीचा पुढचा स्नायू मात्र फाटला.

दादाला दुखण्यापेक्षा शिमग्याची काळजी जास्त. आमच्या गावात देवीची पालखी देवळातून निघते तेव्हा पुढचा खांदा आमच्या घराचा. वडील गेल्यापासून तो दादा देत असे. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसवायच्या आधी समोरच्या अंगणात नाचवतात. ढोल चढला की पुढच्या गड्याने पालखीसकट खाली बसायचं आणि तसंच उठायचं. बसायला कुणालाही येतं. उठणं मांडीचं काम.

"तू दे या वर्षी खांदा," दादा मला म्हणाला. "मान घरात ऱ्हायला म्हंजे झालं." पण हे म्हणताना तो माझ्याकडे न बघता पायाकडे बघत होता. मी खांदा दिला असता तर गावाचं समाधान झालं असतं. दादाचं झालं नसतं.

मला मोजमापाची सवय पहिल्यापासून. वहिनी गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, तिची टेप घेऊन मी दादाच्या दोन्ही मांड्या मोजल्या. गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर, दोन्हीकडे तीच जागा. दुखरी मांडी जाड भरली! मी खूश होऊन डॉक्टरांना सांगितलं. देवरूखला नुकताच दवाखाना टाकलेले तरुण डॉक्टर होते. ते म्हणाले, "अहो, ती सूज. सूज उतरू दे, मग मोजा." सूज उतरली तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा दीड इंच कमी होती. पडून राहिल्याने सुकली होती.

त्याच सुमारास मुंबईहून आमचा धाकटा काका आला. तो एका औषधांच्या गोदामात कामाला होता. दादा पडल्याचं पत्र मिळताच रातराणीने निघाला, सोबत बर्फ भरलेला थर्मास. थर्मासात काचेची एवढीशी बाटली.

"विलायती माल हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "पैलवान लोक घेतात. मांस चढतं. फकस्त थंड ठेवायला लागतं."

"आमच्याकडं थंड काय हाय? चूल?" वहिनी म्हणाली.

गावात फ्रिज नव्हता. काकाने थर्मास पोहऱ्यात घालून विहिरीत सोडला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं म्हणून परत गेला. संध्याकाळी पाण्याला आलेल्या शेजारच्या काकी ओरडल्या, "काय गो, विहिरीत काय सोडलंव? वाडीला बाधा करतंव काय?" वहिनी म्हणाली, "बाधा नाय काकी, ह्यांची मांडी वाढवायचं औषध हाय." पुढचे कित्येक दिवस पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता.

पुढच्या शनिवारी मी दादाला आणि थर्मास घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाटली उजेडात धरली, बरोबरचा कागद वाचला.

"हे वाढीचं हार्मोन आहे. ज्या मुलांची उंची खुंटते त्यांना देतात. तुम्हाला काय ताडमाड व्हायचंय?"

"उंची ऱ्हाऊ दे डॉक्टर, माझी मांडी खुंटलीय," दादा म्हणाला.

डॉक्टर हसले, पण बाटली बाजूला ठेवली. ते प्रथिन आहे, बर्फ वितळल्यावर त्याचं काय झालं असेल कोण जाणे, असं ते म्हणाले. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही. आणि ताजं असतं तरी दादाला दिलं नसतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. स्नायू फाटतो तिथे शरीर स्वतःच प्रथिनांचे बारीक दूत तयार करतं. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. ते झोपलेल्या पेशींना उठवून कामाला लावतात. परदेशात त्यांच्यावर मोठं संशोधन चाललं होतं. "पण मांडीत टोचायला माझ्याकडे असलं काही नाही. तुमचं तुम्हालाच काढायला लागेल. स्नायूवर बेताने भार टाकलात तर शरीर ते काढतं. पडून राहिलात तर कशाला काढेल?"

दादाने हे अगदी शब्दशः घेतलं. जुन्या पँटीचा पाय कापून वहिनीने त्यात वाळू भरली, दोन्ही तोंडं शिवली. ती पिशवी घोट्याला बांधून दादा ओटीवर बसायचा आणि पाय सरळ करायचा. "काढतोय काय दूत?" वहिनी आतून विचारायची. "एक निघाला," दादा म्हणायचा, "पण तुला बघून परत आत गेला."

मी दर शनिवारी टेप लावायचो. टेप हलत नव्हती. दादा ओटीची पायरी न लंगडता उतरू लागला, खांबाला धरून बसू-उठू लागला, तरी मांडीचा घेर तेवढाच. मी हिरमुसलो. डॉक्टर म्हणाले, आधी नसा कामाला लागतात, ताकद येते, मांस मागाहून चढतं. मला हे पटायला वेळ लागला. आकडा हलत नसताना काम होत असतं, यावर माझा विश्वास नव्हता.

शिमगा जवळ आला तेव्हा दादाने खळ्यात एक लांब वासा आणला. मधोमध भाताचं अर्धं पोतं बांधलं. पुढचा खांदा त्याचा, आणि मागचा देणार कोण? मी रत्नागिरीत. वहिनीने पदर खोचला आणि मागे उभी राहिली. मी शनिवारी पोचलो तर दोघं खळ्यात नाचत होती.

"पुढचा खांदा खाली घ्या! देवी माझ्या डोक्यावर येतेय."

"तू मागं ढकलू नको गो."

"मी ढकलत नाय. तुमीच डावा पाय लावायचा इसरता."

बसताना तो बसला. उठताना वासा थरथरला आणि पोतं एका बाजूला गेलं. दादाने घाम पुसला आणि परत बसला. त्या संध्याकाळी तो तीनदा बसला आणि दोनदा उठला. तिसऱ्यांदा मी पोत्याला हात लावला.

पालखीच्या दिवशी मी दादाच्या अगदी मागे उभा होतो. लागलं तर खांदा घ्यायचा, असं आमचं ठरलं होतं. मुंबईहून काकाही आला होता. देवळाच्या पायऱ्या दादा नीट उतरला. सहाणेसमोर ढोल चढला आणि तो पालखीसकट खाली बसला. मी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. वहिनी हात न हलवता नुसता खांदा खाली घेत होती. दादाने डावा पाय रोवला. क्षणभर पालखी होती तिथेच राहिली. माझा हात पुढे गेला होता. मग ती उचलली गेली, आतली चांदीची रूपं, देवीचे मुखवटे, हलली, आणि दादा उभा होता. दुसऱ्यांदा तो बसला नाही. मानातल्या पुढच्या घराच्या गड्याकडे खांदा सोपवून स्वतःहून बाजूला झाला.

रात्री जेवताना काका सगळ्यांना ऐकवत होता. "बघितलंव? विलायती मालाची कमाल!" बाटलीतलं औषध टोचलंच नव्हतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती कितीला पडली ते त्यानेही कधी सांगितलं नाही. दादा म्हणाला, "व्हय काका, तू धावून आलास म्हणून तं." वहिनीने काकाच्या ताटात अजून एक पुरणपोळी वाढली. मग काका मला म्हणाला, "तू हिशेबी माणूस. मोज बघू."

मी टेप लावली. उजवी अजूनही अर्धा इंच कमी होती. मी तेच सांगितलं.

"तरी मी म्हणत होतो," काका म्हणाला, "दोन बाटल्या आणायला पायजे होत्या."

पुढच्या वर्षी दादा दोनदा बसला आणि दोनदा उठला. त्यानंतर वर्षानुवर्षं त्याने खांदा दिला, आता त्याचा मुलगा, हाच जिमवाला, देतो. तो अर्धा इंच मात्र भरून आला नाही. मागच्या शिमग्याला मोजला, तेवढाच आहे.