खुंटीवर न टांगलेला चमचा

वासंतीकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी परत आलेले डबे उघडत होते. त्यांची मुलगी नेहा म्हणाली, "सुमन आन्टी, आई सकाळी गेली," आणि पुढे इंग्रजीत काहीतरी बोलली, ते मला समजलं नाही. मी फोन ठेवला आणि पुढचा डबा उघडला. त्याला आता पाच आठवडे झाले. सगळ्यांचं त्यांच्याबद्दल चांगलं बोलून झालं. माझी शाळा चौथीपर्यंतची, चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून घरीच बसून लिहिते आहे.

आमचं घर इथे परदेशात, चोआ चू कांग नावाच्या वस्तीत. तिथून जवळच कारखान्यांच्या एका इमारतीत काकूंनी गाळा घेऊन स्वयंपाकघर थाटलं होतं. रांधायला आम्ही चार बायका. दुपारी मराठी इंजिनियरांचे डबे जायचे आणि चारच्या सुमाराला परत यायचे. मग काकूंचा नियम सुरू व्हायचा... ज्या डब्यात काही उरलं असेल तो, जिने ते रांधलं तिच्यापुढे ठेवायचा. तिने सगळ्यांसमोर त्यातलं चमचाभर खायचं आणि का उरलं ते सांगायचं. खरं कारण सांगितल्याशिवाय चमचा परत खुंटीवर टांगायचा नाही.

पहिल्याच दिवशी माझं पिठलं परत आलं. मी हात मागे घेतला. गावात आमच्या लोकांनी दुसऱ्यांचं उष्टं घेणं सोडलं, तेव्हा माझ्या आईने त्यापायी मार खाल्ला होता. मी हळूच म्हटलं, "काकू, आम्ही उष्टं खात नाही."

काकू हसल्या. "पूर्वी तर चालायचं तुमच्यात. आता एक चमचा जड झाला?"

बाकीच्या तिघी आपापले डबे घासू लागल्या. नवरा जहाजं बांधायच्या यार्डातल्या अपघातानंतर मोडका हात गळ्यात बांधून घरी बसला होता, काम सोडणं मला शक्य नव्हतं. मी खाल्लं. पिठल्याचा नुसता गोळा झाला होता. पाणी कमी पडलं, एवढंच बोलले.

खोटं कशाला लिहू, त्या चमच्यानेच आम्ही शिकलो. भेंडी झाकणाखाली घामेजते हे कळलं, तेव्हापासून ती निवल्यावर डब्यात जाऊ लागली. शनिवारचा भात का उरतो हे कोणालाच सांगता येईना, म्हणून काकूंनी डबे पोचवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, शनिवारी सगळे सायकली घेऊन उबीन बेटावर फिरायला जातात. पुढच्या शनिवारी आम्ही थालीपीठ आणि कोरडी चटणी बांधून दिली. ते इतकं आवडलं की जहाजांवरचे लोकही मागू लागले, आणि शेजारचा गाळाही घ्यावा लागला. डबा भरण्याआधी एकीने सगळं चाखायचं हेही तेव्हाच ठरलं. ते काम काकूंनी मला दिलं. माझ्या जिभेवर त्यांचा विश्वास होता... माझ्यावर नव्हता.

मग त्या आजारी पडल्या. औषधांनी त्यांची चव गेली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण लोणच्यातली मिरची त्या निवांत चावताना मी पाहिलं होतं. तरीही एक दिवस आमटी त्यांनीच केली आणि मीठ दोनदा घातलं. मी नेहमीसारखी चाखली. "ठीक आहे," म्हणाले आणि डबे बंद केले.

चार वाजता सगळ्या डब्यांतली आमटी परत आली. मी डबा आणि चमचा त्यांच्यापुढे ठेवला. त्या स्वयंपाकघरात माझा आवाज पहिल्यांदाच मोठा निघाला असेल. "काकू, चाखा. का उरली?"

त्यांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाल्या, "आंबट झाली असेल."

कोणीतरी फिसकन हसलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, अॅप्रन काढून त्याची घडी केली आणि गेल्या. त्या पुन्हा स्वयंपाकघरात आल्या नाहीत. चार महिने अंथरुणावर होत्या. मी रोज डबा पाठवला, भेटायला मात्र एकदाही गेले नाही.

आता डबे मी उघडते. उष्टं कोणाला खाऊ घालत नाही, उरलेलं बघून आणि हुंगून आम्ही कारण शोधतो. चुकलेली बाई कारण सांगते, बाकीच्या ऐकतात, दुसऱ्या दिवशी रांधण्यात फरक पडतो. फक्त त्या आमटीचं खरं कारण अजून कोणी चारचौघींत सांगितलेलं नाही, मीही नाही. म्हणून काकूंचा चमचा मी रोज घासते, पुसते आणि कट्ट्यावरच ठेवते. खुंटी रिकामी आहे.