यादीत नसलेली विहीर

नवं राज्य झालं, नागपूर सुटलं आणि आमच्या कचेरीतले कागद भोपाळकडे जाऊ लागले, त्या काळात बुऱ्हाणपुरात अफवांना तोटा नव्हता. आमच्या बुधवारा मोहल्ल्यातली सगळ्यात पक्की अफवा अशी, की ज्याच्या घरात विहीर आहे त्याची विहीर सरकार आपल्या नावावर करून घेणार आणि मग कोणीही घागर घेऊन दारात उभं राहणार. 'कोणीही' म्हणजे कोण, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे.

नेमकी तेव्हाच गटाराची योजना आली. गल्ल्या इतक्या अरुंद, की वरून चर खणला असता तर दोन्हीकडची घरं बसली असती. म्हणून जमिनीखालून बोगदा काढायचं ठरलं. पुढे लोखंडाचा मोठा गोल, त्यात बसून एक माणूस माती खणणार आणि मागून जॅक लावून तो गोल वीत वीत रेटायचा. लोक त्याला घूस म्हणत. मी त्या कामावर कारकून होतो. बोगदा विहिरीला लागू नये म्हणून घरोघर जाऊन कुणाकडे विहीर आहे ते लिहिणं हे माझं पहिलं काम.

सगळ्या गल्लीने मला विहीर नाही म्हणून सांगितलं. ज्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन मी वाढलो, त्यांनीही तोंडावर सांगितलं. कुणी वर फरशी बसवली होती, कुणी फळ्या टाकून धान्याची कोठी ठेवली होती. मला हसू आलं, रागही आला, आणि मी 'नाही' लिहीत गेलो. मग आमच्या घराची पाळी आली.

"नाही म्हणून लिवून टाक," आई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी यादीत आमच्या घराच्या नावापुढेही 'नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली. आईला दोष देऊन मोकळं होता येत नाही. लेखणी माझ्या हातात होती.

गोलात बसून खणणारा माणूस निंबोल्याचा होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा. त्याच्या जातीला बुधवाऱ्यातल्या एकाही विहिरीवर पाणी भरू देत नसत, म्हणून तो प्यायचं पाणी गावाहून घेऊन येई. रोज सकाळी खाली उतरण्याआधी तो मला एकच गोष्ट विचारायचा: आज वर कुणाचं घर आहे आणि त्या घरात काय आहे. मी यादी उघडून सांगायचो. खाली त्याला वरचं काहीच दिसत नसे, त्यामुळे मी सांगेन ते तो खरं मानून चालायचा.

आमच्या घराखाली काम पोचलं त्या सकाळी तो उतरून लगेच परत वर आला. मुठीत मातीचा गोळा होता.

"भाऊ, माती ओली लागून राहिली. तुमच्या घरी विहीर तं नाही ना?"

विहीर बोगद्यापासून सात-आठ हात बाजूला राहते असा माझा अंदाज होता. पण खरं सांगायचं तर अंदाज नंतर सुचला. 'आहे' म्हटलं असतं तर यादी खोटी पडली असती, सही खोटी पडली असती, आणि गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"नाही," मी म्हणालो.

"मंग चालते," म्हणून तो पुन्हा उतरला.

आमची विहीर वरून बांधीव आणि अरुंद, पण तळाशी कच्ची. तिथली माती ढासळून ती आतून किती रुंद झाली होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, कारण कित्येक वर्षांत आम्ही गाळ काढला नव्हता. तासाभरात पाणी फुटलं. मागे जॅकवर असलेले दोघे कसेबसे बाहेर आले. त्याला दुपारी काढलं.

चौकशी झाली. साहेबांनी यादी पाहिली, तिच्यात विहीर नव्हती. तेव्हा जुनी बादशाही नहर फुटली असावी असं ठरलं. शहराखाली तशा नहरी आहेतच, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. आमच्या विहिरीचं पाणी एका दिवसात तळाला गेलेलं शेजाऱ्यांनी पाहिलं होतं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. तेरी भी चुप, मेरी भी चुप. पुढे भगदाड बुजवलं, पाणी परत चढलं, आणि विटाळ जावा म्हणून आईने राजघाटावरून तापीचं पाणी मागवून विहिरीत ओतलं. घागरी मीच वाहून आणल्या. आठवलं की आजही किळस येते, आईची थोडी आणि माझी जास्त.

महिन्याभराने त्याची बायको जबाबावर अंगठा द्यायला कचेरीत आली. नहर फुटून मृत्यू, दोष कुणाचाही नाही, असं मीच लिहिलं होतं, आणि मीच तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली, आणि निघता निघता थांबली.

"उतरताना काही बोलले का ते?"

तो काय बोलला होता, ते फक्त मला माहीत होतं.

"आज घरी लवकर जायचं म्हणत होते," मी सांगितलं.

तिचा चेहरा जरा निवळला. तिने वाकून मला नमस्कार केला, आणि मी तो घेतला.