चार मीटर मलमल

दुकानदाराने मलमलीचा तागा उलगडला, मीटरपट्टी लावली आणि कात्री उचलून विचारलं, "काकू, किती देऊ?" पांढऱ्यावर बारीक पिवळी फुलं होती. मी कापडाचा पोत बोटांनी चाचपत राहिले.

इतकी वर्षं गोधड्या शिवतेय. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मीटरभर पुरतं, हे मला काय ठाऊक नाही? पण एक मीटर म्हटलं, की कापड कुणासाठी ते उघड झालं. दुकानदाराला कळलं तर कळू दे. मला धास्ती होती ती पाठीमागे उभं राहून नशीबच कान देऊन ऐकत असल्याची. लेकीला सातवा महिना लागलाय. याआधी दोनदा गर्भ टिकला नाही. बाळ होईपर्यंत त्याच्यासाठी नवं कापड घरात आणू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी त्यावर हसायचे. आता हसू येत नाही.

भीती माणसाला किती लबाड करते! नातवंडाची आशासुद्धा चोरीच्या मालासारखी, भलत्या मापात गुंडाळून घरी न्यायला लावते.

"चार मीटर द्या," मी म्हटलं. "गोधड्यांच्या साठ्यात असू दे, असंच."

"चार? अहो काकू, एवढ्यात मोठ्या माणसाची गोधडी होईल!"

कात्री पिवळ्या फुलांमधून सरसरत निघाली. मी डोळे मिटून घेतले.

"होऊ दे," मी पुटपुटले. "मोठ्या माणसाचीच होऊ दे."